नोट बंद होणे आणि नोट बाद होणे

(भाईंदरच्या पश्चिमेकडील राई, मुर्धा, मोर्वा व उत्तन भागांतील शेतकरी, कोळी व कारागीर मंडळींपुढे एका शाळामास्तरांनी दिलेले व्याख्यान)



दिवसभर कोणी शेतावर, कोणी मासळीच्या पाट्या घेऊन, कोणी भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकापुढे राबून आपण येथे आलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. अध्यापक विद्यालयात शिकून गावच्या शाळेत पाढे आणि हिशेब शिकविणारे मास्तर आम्ही. आजचा विषय आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो आम्हांस एका मावशीने शिकविला, आणि शिकणार आम्ही असून फी मात्र तिला भरावी लागली. ती हकीकत आधी सांगतो.

२०२३ सालचा डिसेंबर महिना होता. मासळी विकून पोट भरणारी ही मावशी शाळा सुटण्याच्या वेळी दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा दिवाळीआधी वारला होता. त्याची ट्रंक उघडली तेव्हा जुन्या पासबुकाच्या घडीत दोन हजारांच्या पाच गुलाबी नोटा निघाल्या. तिने विचारले, "मास्तर, या नोटा चालतीन का?" आम्ही वह्या तपासण्याच्या घाईत होतो. मान वर न करता म्हणालो, "मावशी, त्या नोटा बंद झाल्या. मुदत ऑक्टोबरातच संपली."

एवढे बोलून आम्ही पुन्हा वह्यांत डोके घातले. मावशी गेली. दोन दिवसांनी तिला स्टेशनाजवळ कोणी एक परोपकारी गृहस्थ भेटला. तो म्हणाला, नोटा बंद आहेत, तरी तुझी अडचण पाहून मी एकेकीचे पंधराशे देतो. तिने तीन नोटा त्याच्या हातावर ठेविल्या. उरलेल्या दोन त्याच्या खिशात तेव्हा पैसे नव्हते म्हणून वाचल्या, आमच्या शहाणपणामुळे नव्हे.

पुढे एके दिवशी रिझर्व्ह बँकेचे निवेदन आम्ही मुळातून वाचले आणि आमचे कान लाल झाले. नोट बंद नव्हती! म्हणजे, बंद होती, पण बाद नव्हती. 'बंद' आणि 'बाद' या दोन शब्दांत एका नोटेमागे पाचशे रुपयांचे अंतर होते आणि ते अंतर त्या गृहस्थाच्या घशात गेले. त्याला दोन शब्दांतला भेद ठाऊक होता, आम्हांस नव्हता, आणि मावशीने भरवसा ठेविला तो आमच्यावर.

तेव्हा आज हा भेद नीट उलगडू.

उत्तनच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात फिरून पाहा. होड्या वर ओढून, झापांनी झाकून ठेविलेल्या दिसतात. सरकारची पावसाळी बंदी असते, दर्यात जावयाचे नसते. त्या दिवसांत ती होडी एक मासोळीही घरी आणीत नाही. म्हणून कोणी तिला सरपणाच्या भावाने विकील काय? विकू म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. होडी किनाऱ्याला लागली आहे, पण होडी ती होडीच आहे. आता तिच्याच शेजारी दुसरी एक होडी असते. तिच्या फळ्या कुजल्या, इंजिन काढून घेतले, नोंदणी रद्द झाली. ती मोडीत निघाली. ही दोन्ही होडकी आज पाण्यात नाहीत. दुरून पाहणाऱ्यास सारखीच दिसतात. पण एकीत माणसाची रोजी आहे आणि दुसरीत नुसते लाकूड.

नोटेचे तसेच. 'चलनातून काढून घेणे' म्हणजे होडी किनाऱ्याला ओढणे. बँका ती नोट पुन्हा बाहेर देत नाहीत, आली की ठेवून घेतात, आणि लोकांना सांगतात की तुमच्याजवळच्याही आणून द्या. पण त्या नोटेची किंमत कायद्याने जशीच्या तशी राहते. 'कायदेशीर चलन म्हणून रद्द करणे' म्हणजे मोडीत काढणे. ठरलेल्या घटकेनंतर त्या नोटेने कोणाचे एक पैशाचेही देणे फिटत नाही.

हे मोडीत काढण्याचे काम कोण करू शकतो? स्टेशनाजवळचा गृहस्थ नव्हे, वाणी नव्हे, बसचा वाहक नव्हे, आणि आम्ही मास्तरही नव्हे. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचे २६ वे कलम असे आहे की, बँकेने काढलेली प्रत्येक नोट भारतात कोठेही तिच्यावर लिहिलेल्या रकमेइतकी कायदेशीर चलन होय, आणि तिची हमी केंद्र सरकारची. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की, रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाने शिफारस केल्यावर केंद्र सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून नोटांचे हे चलनपण संपविता येते. राजपत्र म्हणजे सरकारच्या हुकमांचे छापील दप्तर. तेव्हा कोणी 'ही नोट बाद' असे म्हणाला की पहिला प्रश्न हा विचारावा: राजपत्रात आले काय? कोणत्या तारखेचे?

आता दोन्ही प्रकार आपल्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत, ते शेजारी शेजारी ठेवून पाहू.

२०१६ सालच्या नोव्हेंबरची ८ तारीख. रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरचित्रवाणीवर बोलले आणि त्याच मध्यरात्रीपासून पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा कायदेशीर चलन राहिल्या नाहीत. राजपत्रात अधिसूचना निघाली होती. देशात फिरणाऱ्या एकूण पैशाच्या किमतीत शंभरातले सुमारे ८६ रुपये या दोन नोटांत होते. बँकेत भरण्यास ३० डिसेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. हातोहात बदलून घेण्याची सोय प्रथम चार हजारांची, मग साडेचार हजारांची, मग दोन हजारांची झाली, आणि २४ नोव्हेंबरला ती अजिबात मिटली. पुढे २०१७ मध्ये संसदेने कायदा करून या नोटांचे रिझर्व्ह बँकेवरील देणेच संपविले. एवढेच नव्हे, दहांहून अधिक अशा नोटा जवळ बाळगणे हाही दंडास पात्र गुन्हा ठरविला. नाण्यानोटांचे अभ्यासक व संग्राहक यांना पंचवीसपर्यंत मुभा आहे. आपल्या घरी कोणी संग्राहक नसतो, आपल्या घरी विसराळू आजी असते.

अशी एक आजी आमच्या परिचयाची होती. तिचे जुने कौलारू घर २०१८ मध्ये पाडले, तेव्हा देवळीमागच्या पोकळीत एक गाडगे निघाले. त्यात पाचशेच्या तेवीस नोटा गुंडाळून ठेविलेल्या. आजी वारून वर्ष झाले होते. नातू आमच्याकडे धावत आला. साडेअकरा हजार रुपये, आणि त्याचे मोल आता शून्य. उलट तेवीस नोटा हाताशी ठेवणे म्हणजे कायद्याचा भंग. आजीने भाजी विकून, पोटाला चिमटा घेऊन ते साठविले होते. घरातल्या सुनेला कळू नये म्हणून बोलली नाही, आणि नोटाबंदीच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळलेली, तिला कोणी सांगितलेही नाही. त्या मुलाला आम्ही काय सांगणार? तेथे खरोखरच होडी मोडीत निघाली होती.

मोडीत काढण्याचा हा प्रकार नवा मुळीच नाही. १९४६ च्या जानेवारीत इंग्रज सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. १९७८ च्या जानेवारीत मोरारजी देसाई यांच्या सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या रद्द केल्या. पण तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांची झोप उडाली नाही, कारण त्या नोटा त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मिठागरावर मीठ ओढणाऱ्या आगऱ्याला हजाराची नोट कोण देणार? २०१६ मध्ये मात्र पाचशेची नोट ही गवंड्याच्या, सुताराच्या, मासळीवालीच्या रोजच्या हातातली नोट झाली होती. म्हणून ते फर्मान पेढीवर कमी आणि चुलीपाशी अधिक पोहोचले.

आणि येथे शेतकऱ्याच्या वाट्याला एक जादा दुखणे आले. गावोगावच्या सोसायट्या ज्यांच्या आधाराने चालतात त्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका. पहिले चार दिवस त्यांनी जुन्या नोटा घेतल्या. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने त्यांना या नोटा घेण्यास वा बदलण्यास मनाई केली. ज्याचे खाते मोठ्या शहरी बँकेत त्याला दार उघडे, आणि ज्याचे खाते फक्त जिल्हा बँकेत त्याला दार बंद. या बँकांनी आधीच घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेने स्वीकाराव्या की नाही, याचा निकाल २०१७ च्या जूनपर्यंत लोंबकळत राहिला. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते हो ते! बियाण्याला पैसा लागतो तो त्याच महिन्यात लागतो, जूनमध्ये नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांपैकी चारांच्या बहुमताने २०१६ चा निर्णय कायदेशीर ठरविला. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळे मत दिले. सरकारच्या पुढाकाराने एवढी मोठी गोष्ट करावयाची तर संसदेचा कायदा वा अध्यादेश हवा, नुसती अधिसूचना पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे. निकाल बहुमताचा चालतो हे खरे. पण कायदा जाणणाऱ्यांतही या प्रश्नावर दोन मते पडली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

आता दुसरा प्रकार, किनाऱ्याला ओढलेल्या होडीचा. त्याच २०१६ च्या नोव्हेंबरात जुन्या नोटांची पोकळी भरण्यास दोन हजारांची गुलाबी नोट निघाली, मागच्या अंगास मंगळयानाचे चित्र असलेली. तिची सुटी मोड मिळता मिळत नसे, हे येथल्या प्रत्येक मासळीवालीस आठवत असेल. दोनशेची कोळंबी आणि समोर दोन हजार! २०१८-१९ नंतर या नोटेची छपाई झाली नाही. मग १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की ही नोट चलनातून काढून घेत आहोत, आणि त्याच निवेदनात पुढे स्पष्ट लिहिले की ती कायदेशीर चलन म्हणून कायम राहील. राजपत्रात तिला बाद करणारी अधिसूचना निघाली नाही. २३ मेपासून कोणत्याही बँकेत एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून मिळे. मुदत आधी ३० सप्टेंबरची होती, ती ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत वाढविली.

आता गंमत पाहा. मुदत संपली ती आपल्या नाक्यावरच्या बँकेत बदलण्याची. नोटेचे आयुष्य संपले नाही. त्यानंतरही रिझर्व्ह बँकेच्या १९ कचेऱ्यांत ती नोट घेतात. आपल्याला जवळच्या म्हणजे मुंबईची फोर्टातली आणि नवी मुंबईतली बेलापूरची, विदर्भातल्यांस नागपूरची. एका वेळी वीस हजारांपर्यंत हातोहात बदलून मिळतात, किंवा आपल्या खात्यावर जमा करिता येतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी फोर्टापर्यंत जावयाचेही कारण नाही. देशातल्या कोणत्याही टपाल कचेरीतून नोटा रिझर्व्ह बँकेच्या कचेरीकडे पाठविता येतात, त्यांची रक्कम आपल्या बँक खात्यात जमा होते. आज आम्ही येथे बोलत आहोत तोपर्यंत ही व्यवस्था चालू आहे. १९ मे २०२३ रोजी या नोटा ३ लाख ५६ हजार कोटी रुपयांच्या होत्या. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांहून अधिक परत आल्या. तरी २०२५ च्या मध्यास सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या नोटा लोकांकडेच होत्या. त्यांतल्या काही कोणाच्या कोनाड्यात, कोणाच्या पोथीत, कोणाच्या वारलेल्या नवऱ्याच्या ट्रंकेत असतील.

हाच प्रकार त्याआधीही एकदा झाला होता, पण आपल्या कानी आला नाही. २२ जानेवारी २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वीच्या सगळ्या नोटा चलनातून काढून घेण्याचे जाहीर केले. त्या ओळखण्याची खूण फार सोपी आहे. नोटेच्या मागच्या बाजूस खाली मध्यावर छपाईचे साल असते. ज्या नोटेवर ते साल नाही ती २००५ पूर्वीची. त्यांपैकी पाचशे व हजाराच्या २०१६ मध्ये मेल्या. पण दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटा मेल्या नाहीत. पेटीच्या तळाशी साल नसलेली शंभराची नोट सापडली तर ती कायद्याने आजही शंभर रुपयेच आहे. फरक इतकाच की ती बदलावयास ठरावीक कचेरी गाठावी लागते, आणि वाणी नाक मुरडतो.

येथे कोणी विचारील, 'मास्तर, कायदेशीर आहे म्हणता, मग वाण्याने घेतली का नाही?' प्रश्न रास्त आहे. कायदेशीर चलनाचा अर्थ असा की, आपले देणे फेडावयास ते पुढे केले तर कायदा ते पुरे मानतो. दुकानदाराने आपल्याला माल विकलाच पाहिजे असा हुकूम त्यात नाही. म्हणून दुकानाच्या फळीवर हात आपटून भांडण्यात अर्थ नाही. कायदा नोटेचे मोल राखतो, तिला गिऱ्हाईक शोधून देत नाही. आणि बाजार गिऱ्हाईक देतो, पण मोल त्याच्या मर्जीचे. या दोहोंच्या मध्ये जी फट राहते, तिलाच आपल्या जुन्या लोकांनी फार नेमके नाव दिले होते: बट्टा.

हा बट्टा शब्द ज्याने सोसला त्यालाच कळे. पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ या मुलखात एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, सुरती वेगळा. शेतकऱ्याच्या हाती एक रुपया यावयाचा आणि सारा दुसऱ्याच रुपयात भरावयाचा. मग सराफाकडे जा. सराफ रुपया दगडावर वाजवी, उलटासुलटा करी, आणि झिजला आहे, परगण्याचा नाही, असे म्हणून काही दुगाणी कापून घेई. कोणता रुपया किती खरा हे त्याला ठाऊक, कुणब्याला नाही. आणि एवढ्या एका ठाऊक असण्यावर सराफाचे घर चाले. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकाच वजनाचा रुपया करण्याचा कायदा केला तेव्हा हा धंदा हळूहळू बसला. बसला असे आम्ही समजत होतो. स्टेशनाजवळच्या गृहस्थाने मावशीच्या नोटेवर पाचशे कापले, तो बट्टाच नव्हे काय? दगडावर वाजविणे गेले, आणि 'बंद झाली हो' असे म्हणणे आले.

रुपयाची गोष्ट निघाली म्हणून थोडे विषयांतर. पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपया मांडतात. तो एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ साली, सरकारने राणीछाप रुपयाचे चलनपण संपविले, आणि पुढच्या दोन वर्षांत एडवर्ड व जॉर्ज बादशहांच्या चांदीच्या रुपयांचेही. म्हणजे कायद्याने तो रुपया कधीच बाद झाला. तरी सोनाराकडे न्या, एक रुपयाच्या कितीतरी पट दाम येईल. कारण चलनपण गेले तरी चांदी हातात राहिली. कागदाची नोट बाद झाली की हातात काय राहते? आजीच्या गाडग्यातले तेवीस कागद. आपल्या जुन्या बायकांना नोटेपेक्षा पाटल्या-बांगड्यांचा भरवसा अधिक वाटे, त्यावर शिकलेली मंडळी हसत. आम्हीही हसलो आहोत. आता हसत नाही. मात्र डाग गहाण पडला की सावकाराच्या व्याजात तोही जातो, तेव्हा त्या वाटेचेही आम्ही फारसे कौतुक करणार नाही.

आता नाण्यांकडे येऊ, कारण नोट कधी काळी सापडते, नाणे रोज हाती येते.

चार आण्यांचे, म्हणजे पंचवीस पैशांचे आणि त्याखालचे नाणे ३० जून २०११ नंतर कायदेशीर चलन राहिले नाही. ते बाद. राजपत्राच्या वाटेने रीतसर बाद झाले. त्यापुढे पन्नास पैशांचे नाणे. ते आज कोणी भिकारीही घेत नाही, आणि तरीही ते बाद झालेले नाही! रुपयाचे, दोनचे, पाचचे, दहाचे, वीसचे सगळे चालू. आपल्याकडे मध्यंतरी बोंब उठली की दहाचे नाणे खोटे. कोणी म्हणे ₹ ची खूण नसेल तर खोटे, कोणी म्हणे दहा रेघांचे खरे आणि पंधरा रेघांचे खोटे. रिक्षावाला घेईना, भाजीवाली घेईना. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की दहाच्या नाण्याचे आजवर चौदा नमुने निघाले आणि चौदाही खरे आहेत. ₹ ची खूणच मुळी २०११ पासून आली, त्याआधीच्या नाण्यावर ती असणार कोठून? एवढे जाहीर होऊनही आमच्या शाळेच्या दारात पेपरमिंट विकणारा पोराचे दहाचे नाणे परत करीत असे. पोर रडत वर्गात आले म्हणून आम्ही त्याला नाण्यावरच्या रेघा मोजावयास लाविल्या. त्या दिवशीचा गणिताचा तास तसाच गेला.

हा तिसरा प्रकार झाला. कायदा जिवंत म्हणतो आणि बाजार मेले म्हणतो. येथे दोन गोष्टी ठाऊक असाव्या. एक, बँकेने नाणी नाकारू नयेत अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे. तेव्हा गल्ला भरला की बँकेत जावे. खिडकीवरचा मनुष्य कुरकुरला तर शाखाधिकाऱ्यास नम्रपणे विचारावे, पण परत फिरू नये. दुसरी, कायद्यालाही नाण्यांची मर्यादा आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया व त्यावरील नाण्यांनी एका वेळी हजार रुपयांपर्यंतचेच देणे फेडता येते, आणि पन्नास पैशांच्या नाण्यांनी दहा रुपयांपर्यंतचे. म्हणून सावकारावरचा राग काढण्यास कोणी पोतेभर चिल्लर त्याच्या ओटीवर नेऊन ओतील, तर हजारापलीकडे कायदा त्याची बाजू घेणार नाही. हा बेत आमच्या एका स्नेह्याने खरोखर केला होता. आम्ही त्याला वेळीच थांबविले, पण मनातून आम्हांसही तो आवडला होता.

आणि भगिनींनो, मासळीच्या पाण्याने भिजलेली, मिठाने खरखरीत झालेली, कोपरा फाटलेली नोट ही बाद नोट नव्हे. मळकी नोट बँक बदलून देते. फाटलेलीला तिचा किती भाग शाबूत आहे ते मोजून मोबदला देण्याचे नियम आहेत. तिच्यावरही बट्टा कापणारे लोक बाजारात बसतात. त्यांच्याकडे जाण्याआधी बँकेची पायरी चढावी.

आमच्या मते या सगळ्या घोटाळ्यात एक दोष शिकलेल्यांचा आहे. २०१६ ला 'नोटाबंदी' म्हटले आणि २०२३ लाही लोक 'दोन हजारांची नोटबंदी' म्हणू लागले. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द लाविला. सरकारी कागद इंग्रजीत नेमका असतो, त्याचे मराठी नाक्यावर येईपर्यंत 'बंद झाली' एवढेच उरते. ज्याला मूळ कागद वाचता येतो तो पुरा भाव घेतो, ज्याला 'बंद' एवढेच ऐकू येते तो बट्टा देतो. आम्ही त्या मधल्या जागेवर बसलेले मास्तर. आमच्याकडे लोक विचारावयास येतात ते आम्ही वाचून सांगू म्हणून. आणि आम्ही न वाचता सांगितले.

मावशीच्या उरलेल्या दोन नोटांचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. नाताळच्या सुटीत आम्ही तिला घेऊन भाईंदरहून सकाळची चर्चगेट लोकल धरली. फोर्टात रिझर्व्ह बँकेबाहेर रांग होती. तीत आपल्यासारखीच माणसे पुष्कळ, आणि दुसऱ्याच्या नोटा घेऊन रोजावर उभी राहिलेलीही काही दिसली. फॉर्म भरला, आधार कार्ड दाखविले. दुपारपर्यंत मावशीच्या हाती चार हजार रुपये पडले, एक पैसा न कापता. तिने ते दोनदा मोजले. येताना गाडीत आम्ही बुडालेले पंधराशे आमच्या खिशातून तिच्यापुढे धरले. तिने थोडा विचार केला, पाचशे घेतले आणि म्हणाली, "हजार माझ्या अक्कलखाती, पाचशे तुमच्या."

तेव्हा ज्यांच्या घरी दोन हजारांची नोट, किंवा मागे साल नसलेली जुनी नोट असेल, त्यांनी ती कोणाला विकू नये. येत्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही वर्गातच बसणार आहोत. टपालाने पाठवावयाची असेल तर फॉर्म आम्ही भरून देऊ. फोर्टात जावयाचे असेल तर चारपाच जण मिळून एकदमच जाऊ. येताना आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. आणि पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा कोणाकडे निघाल्या तर त्याही दाखवावयास संकोच करू नये. त्यांचे पैसे आम्ही आणून देऊ शकणार नाही, पण दहांहून अधिक असतील तर काय करावे हे एखाद्या वकिलास विचारून सांगू, आणि या वेळी आधी वाचून सांगू.